मदत हवी आहे: नदीतल्या दीपगृहाचा लाकडी पाया
नमस्कार मंडळी. न्यूयॉर्क राज्यात हडसन आणि अथेन्स या गावांच्या मधे, भर नदीत, १८७४ सालचं विटांचं दीपगृह उभं आहे. माझ्या फार जिव्हाळ्याचं. दिवा आजही लागतो, पण पाया धोक्यात आलाय. मोठ्या जहाजांच्या पंख्यांनी नदीतळाचा गाळ ढवळून वाहून जातो, आणि खालचे लाकडी खांब उघडे पडून कुजतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ वास्तूंच्या यादीत ते आलं. भोवती पोलादी भिंत ठोकायची योजना आहे.

बंदराच्या किंवा पुलांच्या कामातलं इथे कुणी आहे का? आधीच कुजलेल्या खांबांना नुसती भिंत पुरते, की त्यांची वेगळी दुरुस्ती करावी लागते? असं काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.