टीटी-०२ साठी ब्रशवाली मोटार ठेवू की ब्रशलेस घेऊ?

गिअरबॉक्स_१०
टामिया टीटी-०२ ही रिमोटवर चालणारी गाडी आहे, १/१० स्केल. किटमधली ५४० ब्रशवाली मोटार (आत कार्बनचे ब्रश घासून वीज पोहोचवणारी), टामियाचाच टीबीएलई-०२एस ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि ७.२ व्होल्टची निकेल-मेटल बॅटरी. गाडी बहुतेक सोसायटीच्या काँक्रीटवर चालते, सुट्टीत रत्नागिरीला किनाऱ्यावरही. वेग कमी पडतो. ३३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला तितके फेरे) सेन्सरलेस, म्हणजे चुंबकाची जागा सांगणारा सेन्सर नसलेली, ब्रशलेस मोटार, ६० अँपिअरचा ईएससी असा कॉम्बो आणि २एस लायपो (दोन सेलची लिथियम बॅटरी) बघून ठेवली आहे. थेट बसेल का? की आधी कमी टर्नची (आतल्या तारेचे कमी वेढे असलेली) ब्रशवाली लावून पाहावी?

पिनियन२२
बसेल. ५४० मापाचा डबा ३६ मिमी व्यासाचा, शाफ्ट ३.१७ मिमी, स्क्रूची भोकं २५ मिमी अंतरावर. ब्रशवाली असो वा ब्रशलेस, माप तेच. पण नवा ईएससी घ्यायची घाई करू नका. तुमचा टीबीएलई-०२एस ब्रशवाली आणि सेन्सरवाली ब्रशलेस अशा दोन्ही मोटारी चालवतो. सेन्सरलेस मात्र त्यावर चालणार नाही. म्हणजे नुसती १३.५ टर्नची सेन्सरवाली मोटार घेतली तरी काम होतं. त्याच्या पुस्तिकेत टर्नची खालची मर्यादा दिलेली असते, ती आधी वाचा. टर्न जितके कमी तितका करंट जास्त.

आता वेगाचा हिशोब. किटची मोटार मोकळी फिरताना मिनिटाला साधारण १५ हजार फेरे. टीटी-०२ ला मूळ २२ दातांचं पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर), ७० दातांचा स्पर (त्याला जुळणारा मोठा गिअर) आणि आतलं २.६ गुणोत्तर, एकूण ८.२७, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मोटारीचे ८.२७ फेरे. चाकाचा घेर अंदाजे २० सेंमी. म्हणजे कागदावर ताशी २२ किमीच्या आसपास. १३.५ टर्नची ब्रशलेस साधारण ३००० केव्ही, ७.४ व्होल्टवर २२,२०० फेरे, म्हणजे ३२ किमी. ३३०० केव्हीने ३५. प्रत्यक्षात भार आणि व्होल्टेजची घसरण धरून यातून पाचवा हिस्सा वजा करा. १७.५ टर्नची जवळपास २२०० केव्ही, म्हणजे १६ हजारांच्या पुढेमागे. पिनियन न बदलता ती लावली तर पैसे जातील आणि फरक फारसा दिसणार नाही.

ब्रशवाल्या आणि ब्रशलेसच्या टर्नची एकमेकांशी तुलना करू नका. २१ टर्नची ब्रशवाली आणि २१.५ ची ब्रशलेस या सारख्या चालत नाहीत, ब्रशलेस हळू असते.

डाखकाम
पिनियन२२ यांचा हिशोब बरोबर आहे, पण किनाऱ्याचा मुद्दा राहिला. रत्नागिरीच्या वाळूत जी काळी रेघ दिसते ती इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची. चुंबकाला चिकटणारी वाळू, आणि मोटारीत चुंबकच असतो. ब्रशवाल्या मोटारीला हवेसाठी उघडी भोकं असतात. वाळू कम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागावर) गेली की कार्बन ब्रश कानशीने घासल्यासारखे झिजतात. किटची मोटार दाबून बंद केलेली असते, तिचे ब्रश बदलता येत नाहीत, सरळ मोटारच टाकावी लागते. त्या जागी पूर्ण बंद डब्याची सेन्सरलेस उत्तम. सेन्सरवालीच्या आतल्या छोट्या बोर्डाला खारं पाणी सोसत नाही.

सेन्सरलेसची अडचण गाडी उभ्यावरून निघताना दिसते. चुंबक कुठल्या जागी आहे हे ईएससी वायरींत उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो, आणि गाडी उभी असताना ते व्होल्टेजच नसतं. म्हणून ट्रिगर हलका दाबला की गाडी थरथरते, गचके देते. काँक्रीटवर वेगात हे जाणवत नाही. दगडांवर इंच-इंच चढणाऱ्या क्रॉलरला मात्र हे चालत नाही, तिथे ३५ किंवा ५५ टर्नची स्वस्त ब्रशवाली आजही योग्य.

गिअरबॉक्स_१०
धन्यवाद दोघांनाही. किनारा वर्षातून दोनदाच, तेव्हा सेन्सरवाली घ्यावी असं वाटतंय. लायपो याच ईएससीवर लावली तर? आणि गिअर, वायरिंगमध्ये काय सांभाळायचं?

पिनियन२२
मग किनाऱ्यावर जाताना जुनी मोटार परत लावा. चार स्क्रूंचं काम आहे.

टीबीएलई-०२एस मध्ये लायपोसाठी कटऑफ (व्होल्टेज घसरलं की मोटार बंद करणारी सोय) नाही. बॅटरीच्या बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलची वायर असलेला छोटा प्लग) व्होल्टेज अलार्म लावा, प्रति सेल ३.५ व्होल्टवर. तो वाजला की गाडी थांबवायचीच. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला तर फुगतो आणि पुन्हा भरवशाचा राहत नाही. चार्जर बॅलन्सवाला लागेल, निकेल-मेटलचा साधा चार्जर लायपोला कधीच लावू नका. टामियाचा पांढरा कनेक्टर ब्रशलेसच्या करंटने तापून वितळतो, तो कापून टी-प्लग किंवा एक्सटी६० डाखून घ्या. दोन वायरी एकाच वेळी कापू नका, कात्रीतून शॉर्ट होतं.

डाखकाम
वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त मोटारी इथेच जातात: सेन्सरवालीच्या ए, बी, सी तिन्ही वायरी ईएससीच्या त्याच अक्षरांना. सेन्सरलेसमध्ये कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटार उलट फिरते. सेन्सरवालीत तसं केलंत तर ती जागच्या जागी कुरकुरते आणि ईएससी जळू शकतो. दिशा बदलायची तर सेटिंगमधून. ब्रशवालीवरचे छोटे सिरॅमिक कपॅसिटर ब्रशलेसला लावायचे नाहीत.

पिनियन स्टीलचं, ०.६ मॉड्यूलचं (हे दातांचं माप) घ्या. ४८ पिच या दुसऱ्या मापाचं सहज मिळतं आणि दिसायलाही सारखं, पण दोन-तीन बॅटरीत स्परचे दात खातं. बाजूचा छोटा स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर यावा, त्याला लॉकटाइट निळं (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद). मोटार लावण्याआधी, फिरत्या दांड्यांना प्लॅस्टिकचे बुश (साध्या कड्या) असतील तर ११×५×४ मिमीची बेअरिंग घाला. वेग वाढल्यावर बुश तापून मोठे होतात आणि चाक डुगडुगायला लागतं. खर्च थोडा, आणि किटच्या मोटारीलाही त्याचा फायदा होतो, म्हणून मी तर हेच आधी करायला सांगेन.

पहिल्या दिवशी २२ दातच ठेवा. पाच मिनिटं चालवा, मग इन्फ्रारेड थर्मामीटरने डबा मोजा. ७५ अंशांच्या आत असेल तर एक दात वाढवा, वर गेला तर एक कमी करा. मे महिन्यात दुपारी मोजलेला आकडा खरा धरा, जानेवारीतला नको.