जिवंतपणी घर मुलाच्या नावावर करावं का?

खिडकी क्र. 3

मी तालुक्याच्या गावी बँकेत काम करते, 24 वर्षं झाली. दर नोव्हेंबरला हयातीचे दाखले घेण्याच्या निमित्तानं पेन्शनवाली म्हातारी माणसं समोर येऊन बसतात. एरवी वर्षभर त्यांची स्लिप दिसते, नाहीतर एटीएमची नोंद दिसते, माणूस दिसत नाही.

गेल्या नोव्हेंबरात एक आजी आल्या. यजमान शिक्षक होते, त्यांच्यामागे मिळणारी फॅमिली पेन्शन. बरोबर नातू होता. मी आजींना नाव विचारलं, नातवानं सांगितलं. तब्येत विचारली, तेही त्यानंच सांगितलं. मी त्याला आधारची झेरॉक्स आणायला पाठवलं. तो दाराबाहेर पडल्यावर आजींनी आवाज खाली आणला आणि विचारलं, "बाई, माझी पेन्शन अजून चालू आहे का?"

पेन्शन एक महिनाही थांबली नव्हती. दर महिन्याला जमा झाली की एक-दोन दिवसांत कार्डावरून निघत होती. कार्ड मुलाकडे. घर 3 वर्षांपूर्वी बक्षीसपत्र करून त्याच्याच नावावर केलेलं, आणि त्यानंतर आजींचा पलंग माजघरातून पडवीत आला. चष्म्याची काच फुटलेली, तशीच. "मारत नाही हो कुणी," हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

आपण 'छळ' म्हटलं की वळ शोधतो. पण पैसा, चष्मा, फोन, पलंगाची जागा, कुणाशी बोलायचं याची मुभा हे एकेक काढून घेतलं तरी माणूस तितकाच मोडतो. माझं स्पष्ट मत आहे: हयातीत घर किंवा जमीन बक्षीसपत्रानं देऊ नये. मृत्युपत्र करावं, ते हवं तेव्हा बदलता येतं. पेन्शनचं कार्ड आणि पिन स्वतःजवळ ठेवावा. तुम्हाला काय वाटतं?

थोरला

ताई, आजींचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा सल्ला मला मान्य नाही, आणि का ते सांगतो.

माझ्या वडिलांना 9 वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. तेव्हापासून मी आणि माझी बायको त्यांचं सगळं करतो. मला बदलीवर बढती मिळत होती, ती नाकारली. धाकटा भाऊ परदेशात आहे, बहीण गणपतीला येते. वडील स्वतःहून म्हणतात, घर तुझ्या नावावर करतो. तुमच्या हिशेबानं त्यांनी थांबायचं. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं हा तुम्ही त्याचा गुण सांगितलात. माझ्यासाठी तोच धोका आहे. पंधरा दिवसांसाठी आलेला मुलगा गोड बोलून शेवटचं मृत्युपत्र करून घेऊ शकतो, आणि मग भावाभावांत कोर्ट. जो करतो त्याला काहीच शाश्वती नको का? प्रत्येक मुलाकडे आधीच चोर म्हणून बघायचं, हे घरात विष कालवणं आहे.

खिडकी क्र. 3

थोरलेदादा, तुम्हाला चोर म्हटलेलं नाही. पण त्या आजींचा मुलगाही कागद करताना चांगलाच होता. कागद होईपर्यंत सगळेच चांगले असतात. नोंदलेलं बक्षीसपत्र नंतर मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, आणि ही जोखीम फक्त एकाच बाजूला आहे.

माजघर

दोघांनाही एक विचारते. "मी आणि माझी बायको करतो" या वाक्यात रात्री दोनला उठून चादर कोण बदलतं?

मी सून आहे. सासूबाईंचं 6 वर्षं केलं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. म्हणजे कायद्यानं जबाबदारी माझी नाही, घरानं मात्र पूर्ण माझीच. घर ज्याच्या नावावर व्हायचं त्याच्या होतं, आणि "सुनेनं हाल केले" हे वाक्य गावात माझ्या नावावर लागतं.

हाच कायदा सुनेला घराबाहेर काढायलाही वापरतात. बंगळुरूच्या एका प्रकरणात नवऱ्याशी वाद झाल्यावर सासू-सासऱ्यांनी या कायद्याखाली अर्ज करून सुनेला बाहेर काढायचा आदेश मिळवला होता. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला आणि सांगितलं की 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला मिळालेला राहण्याचा हक्क असा पुसता येत नाही. म्हाताऱ्यांचा छळ होतो, मी नाकारत नाही. पण बोट दाखवण्याआधी त्या घरात थकून कोण गेलंय तेही बघा.

शुश्रूषा

मी घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करणारी परिचारिका आहे. माजघरताईंचं बरोबर आहे, तरी एक भेद करायला हवा. थकलेला माणूस चिडतो, ओरडतो, आणि नंतर स्वतःच रडतो. त्याला आठवड्यातून दोन दिवस बदली माणूस मिळाला की घर सावरतं. जो ठरवून करतो, तो मला रुग्णाजवळ एकटं बसूच देत नाही. हा फरक मला दारातच कळतो.

मी काय बघते ते सांगते. दोन्ही दंडांवर सारख्या जागी, बोटांच्या ठशांसारखे काळेनिळे डाग असले तर कुणीतरी गच्च धरून हलवलेलं असू शकतं. पण म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नुसतं टेकल्यानंही डाग पडतो, म्हणून एका डागावरून मी कधीच बोलत नाही. पाठीला, माकडहाडाला जखमा झाल्यात का, त्यांना वास येतोय का. कवळी आणि कानाचं यंत्र कपाटात ठेवलेलं का. झोपेच्या गोळ्यांची पट्टी हिशेबापेक्षा लवकर संपते का, किंवा उलट, बीपीच्या गोळ्या महिन्यानंतरही तशाच का. पाणी मागायचं बंद केलंय का. हे शेवटचं फार वाईट असतं, कारण लघवीला न्यावं लागेल आणि बोलणी बसतील म्हणून ती माणसं पाणीच कमी पितात.

आता दुसरी बाजू. एका घरी आजोबा मला रोज सांगायचे, "चार दिवस जेवायला दिलं नाही." मी स्वतः अर्ध्या तासापूर्वी त्यांना भरवलेलं असायचं. स्मृतिभ्रंश होता. पैसे चोरले, जेवण दिलं नाही, असं त्या आजारात माणूस मनापासून म्हणतो, आणि बिचारी लेक गावभर बदनाम होते. पण याचा आधार घेऊन "त्यांचं काय ऐकता, डोकं ठिकाणावर नाही" म्हणणारेही मी पाहिलेत. स्मृतिभ्रंश झालेल्याचा छळ करणं सगळ्यात सोपं असतं. म्हणून ऐकायचं, लगेच निकाल द्यायचा नाही, आणि पुन्हा जायचं, न सांगता.

प्रांत कचेरीच्या पायऱ्या

मी ज्येष्ठ नागरिक संघातर्फे लोकांचे अर्ज लिहून देतो. या कायद्याखालचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा असतो. निर्वाहभत्त्याचा निकाल 90 दिवसांत लावायचा, रक्कम कायद्यानं महिन्याला कमाल 10,000 रुपये. वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात आई अर्ज करते आणि पुढच्या तारखेला मागे घेते. "पोराची नोकरी जाईल." आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा 30 टक्के पगार कापून थेट आईवडिलांना द्यायचा निर्णय लातूर जिल्हा परिषदेनं घेतला होता, तो मला पटला, कारण त्यात पोराला तुरुंग दिसत नाही आणि आईच्या हातात पैसे पडतात.

थोरल्यांना एक सांगतो. कलम 23 नीट वाचा. "मी सांभाळीन" या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करता येतं. पण अट कुठं आहे यावर सगळं अडतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, अट होती हे दाखवावं लागेल. 2 जानेवारी 2025 च्या निकालात मध्य प्रदेशातल्या एका आईनं मुलाला केलेलं बक्षीसपत्र रद्द झालं. तिच्याकडे सांभाळण्याचं लेखी वचन होतं. न्यायालयानं कायद्याचा उदार अर्थ लावला आणि घराचा ताबाही परत दिला. तेव्हा द्यायचंच असेल तर अट कागदात लिहा. तोंडी वचनावर म्हातारपण टांगू नका.

थोरला

म्हणजे वडिलांनी माझ्याकडून लिहून घ्यायचं की मी त्यांना जेवण देईन? 9 वर्षं देतोय.

प्रांत कचेरीच्या पायऱ्या

हो. तुमच्यासाठीच. उद्या धाकटे बंधू "फसवून घेतलं" म्हणाले, तर तोच कागद तुमच्या बाजूनं बोलेल.

माजघर

आणि उद्या थोरल्यांना काही झालं तर? त्या कागदात सासऱ्यांची सोय असेल, सुनेच्या छपराचं कोण लिहिणार? तेही लिहा.

खिडकी क्र. 3

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, माजघरताई. खरं आहे.

त्या आजींचं पुढं काय झालं, असं काहींनी निरोप पाठवून विचारलंय. जुनं कार्ड त्यांच्या अर्जावरून बंद केलं, पासबुक हातात दिलं. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर पासबुकाच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. तक्रार करणार नाही म्हणाल्या. डिसेंबरात एकट्या आल्या, रिक्षानं. 500 रुपये काढले, चष्म्याला. घराचं मी काही करू शकलेले नाही.

थोरला

काल रात्री वडिलांना विचारलं. बोलणं अजून अडखळतं, वेळ लागतो. म्हणाले, कागद करायचाच. अट घालू का म्हटलं तर माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खिडकीची खोली माझी. ते लिही." मुलावर आधी विश्वास ठेवावा हे माझं मत आजही तेच आहे. पण 9 वर्षांत त्यांना काय हवंय ते मी विचारलंच नव्हतं. सोमवारी वकिलांकडे जातोय. खोलीचं लिहायचं आहे, आणि बायकोचंही.