नामाक्वालँडचे रानातले सक्युलंट बघायला कधी जावं? गाडी, वाटा आणि बियांबद्दल प्रश्न

पानथेंब:
आम्ही चौघं हौशी सक्युलंटवाले (म्हणजे पाणी साठवणाऱ्या जाड पानांच्या झाडांचे वेडे) दक्षिण आफ्रिकेला, तिथल्या वायव्येच्या नामाक्वालँडला जायचं ठरवतोय. केप टाउनला उतरून दहा दिवस हाताशी आहेत. कोनोफायटम, आर्जिरोडर्मा, लिथॉप्स ही दगडासारखी दिसणारी बुटकी झाडं आणि जमलं तर उंच खोडाचं हाफमेन्स (पॅकिपोडियम नामाक्वानम) कुंडीत नव्हे, त्यांच्या जागी उगवलेले बघायचेत. ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरलाय, कारण फुलांच्या गालिच्यांचे फोटो तेव्हाचेच असतात. हे बरोबर आहे का? भाड्याची छोटी गाडी पुरेल का? आणि थोड्या बिया गोळा केल्या तर चालतात का?

खडकपान:
गालिचे दिसतात ते बहुतेक एकवर्षायू डेझीचे. ते आणि तुमचे सक्युलंट यांचं वेळापत्रक वेगळं आहे. हा हिवाळी पावसाचा प्रदेश, म्हणजे पाऊस साधारण मे ते ऑगस्ट. कोनोफायटम उन्हाळाभर जुन्या पानांच्या कागदी पापुद्र्यात झोपतं आणि शरद ऋतूत, तिकडच्या मार्च ते मेमध्ये, फुलतं. आर्जिरोडर्माची फुलं मे-जूनच्या सुमारास. ऑगस्टअखेर ही दोन्ही झाडं पाणी पिऊन टम्म असतात, बघायला सुरेख, पण फुलाची आशा धरू नका. तेव्हा फुलतात ती चायरिडॉप्सिस, ड्रोसँथेमम, लँप्रँथस अशी मंडळी. हाफमेन्सही त्याच काळात.

लिथॉप्ससाठी मात्र ही सहल योग्य नाही. त्यांचा मुख्य मुलूख पूर्वेला बुशमनलँडकडे आणि वर नामिबियात. शिवाय त्या दिवसांत जुनी पानं सुकत असतात आणि नवी जोडी आतून वर येत असते, त्यामुळे पानावरची नक्षीसुद्धा नीट दिसत नाही.

फुलं महत्त्वाची असतील तर मे. एकूण रान हिरवं बघायचं असेल तर ऑगस्टअखेर. माझं मत मेच्या बाजूनं: गर्दी नसते आणि राहायची जागा मिळते. डेझीच्या हंगामात गावोगावच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात.

दूरवाट:
मार्गाबद्दल. एन-७ हा एकच मुख्य रस्ता लक्षात ठेवा. केप टाउन ते व्हॅनरिन्सडॉर्प सुमारे ३०० किमी, तिथून स्प्रिंगबॉक आणखी २६० च्या आसपास. दोन्हीकडे तीन-तीन रात्री ठेवा. रोज मुक्काम बदलू नका, नाहीतर दिवसाचे चांगले तास गाडीत जातात. मेसेंबची (कोनोफायटम, आर्जिरोडर्मा, लिथॉप्स ज्या कुळात येतात त्याची) बरीच फुलं साधारण अकरा ते साडेतीनच उघडी असतात, आणि तीही ऊन असलं तर.

आधी थेट उत्तरेला स्प्रिंगबॉक गाठा आणि बघत-बघत दक्षिणेला परता. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि फुलं त्याच्याकडे तोंड करतात. परतीच्या वाटेनं ती तुमच्या समोर येतात. उत्तरेला जाताना फक्त पाठी दिसतात.

स्प्रिंगबॉकजवळ गोगॅप राखीव क्षेत्र आहे. व्हॅनरिन्सडॉर्पहून क्नेर्सव्लाक्टे हा गारगोट्यांचा माळ, आणि व्हॅनरिन्स घाट चढून न्यूवूडविलकडे गेलात की गॅनाबोसचं कोकरबूमचं (झाडाएवढ्या वाढणाऱ्या कोरफडीचं) रान.

छोटी गाडी चालते, पण मोठ्या रस्त्यांपुरती. खडीच्या रस्त्यावर वेग साठच्या आत आणि टायरची हवा १.८ बारपर्यंत खाली, डांबरीवर आलात की परत भरायची. हवा जास्त असली की टायर खड्यांवरून उडतो, पकड जाते, धारदार दगडानं बाजू फाटते. गाडी घेतानाच बघा की स्टेपनी पूर्ण आकाराची आहे आणि विम्यात टायर, काच व गाडीचा तळ धरलाय. खडीच्या रस्त्यावर हेच तीन खर्च निघतात आणि नेमके हेच साध्या विम्यातून वगळलेले असतात.

रानातले हाफमेन्स बघायला नामिबियाच्या सीमेलगतच्या रिक्टर्सव्हेल्ड राष्ट्रीय उद्यानात जावं लागेल, पण तिथे छोटी गाडी नेऊ नका. तिथे उंच तळाची गाडी, पुरेसं इंधन आणि पाणी लागतं. दहा दिवसांत ते कोंबलंत तर बाकी सगळं धावतपळत होईल. हाफमेन्सची हौस वूस्टरच्या कारू डेझर्ट बागेत भागवा. झाडं लावलेली आहेत हे खरं, पण बाग केप टाउनपासून शंभरेक किमीवरच आहे.

गारगोटी:
क्नेर्सव्लाक्टेबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे अजाणता सर्वात जास्त नुकसान होतं.

पांढऱ्या गारगोट्यांचे पट्टे लांबूनच ओळखू येतात. खालची माती उथळ आणि खारट, म्हणून मोठी झुडपं तग धरत नाहीत. गारगोट्या ऊन परतवतात, त्यामुळे जमीन आसपासच्या मातीपेक्षा कमी तापते. अशा जागी आर्जिरोडर्मा, ऊफायटम, कोनोफायटम अशी झाडं दोन-तीन सेंटिमीटरवर थांबतात आणि दगडांतच मिसळून जातात. चालत शोधाल तर पायाखाली येतील. पट्ट्याच्या कडेला बसा, समोरची एक चौरस मीटर जागा ठरवा आणि दोन-तीन मिनिटं फक्त तीच बघा. एक दिसलं की डोळा बसतो आणि भराभर दहा दिसतात.

पट्ट्यात शिरायचंच असेल तर सगळ्यांनी एकामागोमाग, आधीच्या पावलावर पाऊल ठेवून जा. मोठा सपाट खडक असेल तर त्यावरून. चौघं चार दिशांना पांगलात तर चौपट तुडवलं जातं. पाऊस पडून गेल्यावर अजिबात नको. माती मऊ असते आणि रोप मुळासकट दबतं. गुडघे टेकण्याआधी ती जागा नीट बघा. कोवळी रोपं मुगाच्या दाण्याएवढी असतात.

आणखी एक. या झाडांच्या सुक्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकला की ते काही मिनिटांत उघडतं, हा प्रयोग घरी सगळेच करतात. रानात करू नका. बोंड पावसाच्या थेंबांनी बी उडवण्यासाठी घडलंय. कोरड्या दिवसांत उघडून सांडलेलं बी मुंग्यांचं, नाहीतर वाऱ्याचं.

खडकपान:
बियांचं उत्तर राहिलं: नाही. नॉर्दर्न केप प्रांतात (स्प्रिंगबॉक यातच) २००९ चा निसर्गसंवर्धन कायदा आहे, त्यानुसार संरक्षित वनस्पतींचं काहीही गोळा करायला परवाना लागतो. व्हॅनरिन्सडॉर्प वेस्टर्न केप प्रांतात येतं, तिथले परवाने वेगळे. शेतमालकानं 'घ्या' म्हटलं म्हणून परवाना मिळाला असं होत नाही. पॅकिपोडियम आणि कोकरबूम तर सायटीसच्या (दुर्मिळ जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) यादीतही आहेत.

२०१९ पासून कोनोफायटमची चोरी भयंकर वाढलीय. काही जाती एकाच टेकडीवर आहेत, तिथे एक पोतं भरलं की जात संपते. त्यामुळे पोलीस आणि शेतकरी अनोळखी वाकलेल्या माणसाकडे संशयानं बघतात, आणि ते योग्यच आहे. खुरपं, कागदी पिशव्या, डब्या गाडीत ठेवू नका. गावात फोटो दाखवून 'हे कुठे सापडेल' विचारू नका. बहुतेक जमीन खासगी आहे, आधी फोन करून परवानगी घ्या आणि फाटक जसं असेल तसंच ठेवून निघा.

बी हवंच असेल तर परवानाधारक रोपवाटिकेतून, पावतीसकट. क्रम असा: आधी आपल्या देशाचा आयात परवाना, मग त्यातल्या अटींनुसार तिकडचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला). उलट केलंत तर अटी जुळत नाहीत आणि माल विमानतळावरच अडकतो.

पानथेंब:
मे नक्की केला, रिक्टर्सव्हेल्ड आणि बिया दोन्ही रद्द. फोटोंबद्दल काही?

गारगोटी:
पांढऱ्या गारगोट्यांमुळे कॅमेरा फसतो आणि रोप काळं येतं. एक्स्पोजर +०.७ ते +१ ठेवा, आणि छत्रीची सावली धरा. ओळख पटवायला रोप वरून आणि बाजूनं, फूल बाजूनं, जुनं बोंड, शेजारी मोजपट्टी, आणि एक फोटो जमिनीचा.

फोनचं लोकेशन कॅमेऱ्यापुरतं आधीच बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत ठिकाण तसंच राहतं. आयनॅचरलिस्ट (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) धोक्यातल्या जातींचं ठिकाण आपोआप धूसर करतं, पण मागे ओळखू येणारी टेकडी किंवा शेताची पाटी असेल तर उपयोग नाही. अशा फोटोंत फक्त रोप येईल एवढंच कापून टाका.