बेल्ट बदलूनही इंजिनातून चिरका आवाज येतो, आता काय तपासावे?

प्रश्न : माझी डिझेल गाडी ८२,००० किलोमीटर चालली आहे. चार महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये फॅन बेल्ट बदलून घेतला, तरी पावसाळी सकाळी गाडी सुरू करताना आणि एसी लावताच पुन्हा चिरका आवाज येतो. जुन्या बेल्टला एकही तडा नव्हता, त्यामुळे तो बदलायला हवा होता का, अशीही शंका आहे. या खेपेस बेल्ट घरीच बदलावा, असा विचार आहे.

उत्तर १ : नवा बेल्ट आणण्याआधी आवाजाचे मूळ शोधावे. इंजिन चालू ठेवून, हात आणि सैल कपडे दूर राखून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर स्प्रेच्या बाटलीने थोडे पाणी मारावे. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर बहुधा पुली एका रेषेत नाहीत. तो वाढला, तर बेल्ट घसरतो आहे, म्हणजे ताण कमी आहे. एसी लावताच कॉम्प्रेसरचा भार बेल्टवर पडतो, म्हणून मला बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग थकल्याचा दाट संशय आहे. तड्यांवरून पारख करण्याची सवय जुन्या निओप्रीन बेल्टची आहे. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा तडकत नाहीत, ते टायरसारखे झिजतात आणि खाचा रुंदावल्या की पुलीवरची पकड सुटते.

उत्तर २ : इंजिन थंड असताना बॅटरीची ऋण तार काढावी आणि बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा फिरतो याचा फोटो आधी घ्यावा. जुन्या बेल्टवर ‘६पीके’ असे लिहिलेले असेल, तर त्याला सहा धारा (लांबीभर उठलेल्या पट्ट्या) आहेत आणि पुढचा आकडा मिलिमीटरमधील लांबी आहे. पान्याने टेन्शनर फिरवला की बेल्ट सैल होतो. तो निघाल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहावी. खरखर किंवा डुगडुग जाणवली, तर बेअरिंग गेले आहे आणि तेथे नवा बेल्ट घालणे व्यर्थ आहे. बसवताना एकही धार खाचेबाहेर राहू देऊ नये.

उत्तर ३ : हे काम लांबणीवर टाकू नका, ही कळकळीची विनंती. काही डिझेल गाड्यांत ब्रेक दाबायला जोर पुरवणारा व्हॅक्यूम पंप, बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरलाच जोडलेला असतो, त्यामुळे बेल्ट तुटला की चार्जिंग थांबतेच, शिवाय ब्रेकचे पेडलही दगडासारखे कडक होते.

प्रश्नकर्ता : पाणी मारताच आवाज वाढला. टेन्शनर आणि बेल्ट दोन्ही मागवले आहेत. तोवर गाडी बाहेर काढणार नाही.