मदत हवी आहे: रिडबर्ग अणू आणि आयन टक्कर, इलेक्ट्रॉन नेमका कोणाचा मानायचा?

एन = २५ च्या हायड्रोजन अणूवर (एन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या कक्षेचा क्रमांक; तो इतका मोठा असला की रिडबर्ग अणू) प्रोटॉन सोडून क्लासिकल ट्रॅजेक्टरी मॉन्टे कार्लो चालवतोय, म्हणजे यादृच्छिक सुरुवाती घेऊन अनेक टकरींचे मार्ग न्यूटनच्या नियमांनी काढतोय. अणूची त्रिज्या साधारण ३३ नॅनोमीटर, इलेक्ट्रॉनचा वेग पहिल्या कक्षेतल्या वेगाच्या १/२५, म्हणजे प्रोटॉनची ऊर्जा ४० इलेक्ट्रॉनव्होल्ट झाली की दोघांचे वेग जुळतात. त्याच्या वर गेलं की कॅप्चर (प्रोटॉनने इलेक्ट्रॉन पळवणं) झपाट्याने घसरतं आणि आयनीकरण (इलेक्ट्रॉन पूर्ण सुटणं) वरचढ होतं. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे.

घोळ या ऊर्जेच्या खाली आहे. बऱ्याच ट्रॅजेक्टरींमध्ये इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रांना (अणूचं केंद्रक आणि येणारा प्रोटॉन) एकाच वेळी बांधलेला दिसतो, म्हणजे दोन्हींच्या सापेक्ष त्याची ऊर्जा ऋण. गणित कुठे थांबवतो त्यावर कॅप्चरचा आकडा हलतो! इथे इलेक्ट्रॉनची कक्षेतली एक फेरीच २.४ पिकोसेकंदांची, त्यामुळे 'आणखी थोडं चालवू' हे महागात पडतं.

तुम्ही थांबण्याचा निकष काय लावता? केंद्रांमधलं अंतर एन वर्गाच्या पटीत धरता, की दोनपैकी एक ऊर्जा धन होईपर्यंत वाट बघता? आणि प्रोटॉनमागे सरपटत जाणारे, जेमतेम सुटलेले इलेक्ट्रॉन कुठल्या खात्यात टाकता? क्वांटम पद्धत वापरा असं कृपया सुचवू नका, इतक्या अवस्था माझ्या मशीनला झेपणार नाहीत.