फ्रेंचांवरचे विनोद : पळपुटेपणाचा विनोद आता पुरे

रानजाई

“फ्रेंच बंदूक विकणे आहे. एकदाही झाडलेली नाही, फक्त एकदा खाली टाकलेली आहे.”

इंग्लंड-अमेरिकेत वर्षानुवर्षं चालणारा हा विनोद आता मराठी गटांतही फॉरवर्ड होऊन येतो. फ्रेंच माणूस म्हणजे डोक्यावर बेरे टोपी, सायकलला कांद्याच्या माळा, ताटात बेडूक, वर्षभर संप आणि हॉटेलात तुसडा वेटर, या चित्राबद्दल माझी तक्रार नाही. स्वर्गात स्वयंपाकी फ्रेंच आणि मेकॅनिक जर्मन, नरकात स्वयंपाकी इंग्रज आणि मेकॅनिक फ्रेंच, हा विनोद तर मला मनापासून आवडतो. पण पळपुटेपणाचा विनोद सांगणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या महायुद्धात जर्मनांशी झालेली व्हर्डनची लढाई २१ फेब्रुवारी ते १८ डिसेंबर १९१६ अशी दहा महिने चालली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून साडेतीन लाखांहून जास्त फ्रेंच सैनिक तिथे खर्ची पडले. त्या महायुद्धात एकूण सुमारे १४ लाख फ्रेंच सैनिक मेले, तेही चार कोटींहून कमी लोकसंख्येच्या देशात. फ्रान्समधल्या लहानशा गावातही या मृतांच्या नावांचा स्तंभ उभा असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीकडून झालेला १९४० चा पराभव खराच, पण त्या सहा आठवड्यांतही पन्नास हजारांवर फ्रेंच सैनिक मारले गेले. फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून माघार घेत इंग्रज सैन्य बोटींत चढत होतं, तेव्हा लिल शहरात वेढल्या गेलेल्या फ्रेंच तुकड्यांनी अनेक जर्मन डिव्हिजन अडवून धरल्या होत्या.

हा विनोद फोफावला तो २००३ मध्ये. इराकवरच्या हल्ल्याला फ्रान्सने विरोध केला. १४ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री दोमिनिक द व्हिलपँ यांनी सुरक्षा परिषदेत सांगितलं, की शस्त्रतपासनिसांना आणखी वेळ द्या. मार्चमध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या उपाहारगृहांत फ्रेंच फ्राइजचं नाव फ्रीडम फ्राइज झालं. ज्या शस्त्रसाठ्यासाठी युद्ध झालं तो सापडलाच नाही. बरोबर सल्ला देणाऱ्या देशाला भेकड ठरवायला हा विनोद वापरला गेला, म्हणून मला त्याचा राग येतो.

चिकित्सक

साफ असहमत. विनोद असा पुराव्यानिशी तपासायला बसलो तर एकही शिल्लक राहणार नाही.

आणि १९४० ची शरणागती कुणी रचलेली गोष्ट नाही. त्यानंतर मार्शल पेतँ यांनी व्हिशी गावातून चालवलेलं फ्रेंच सरकार जर्मनांपुढे नुसतं गप्प बसलं नाही, ते त्यांना साथ देत राहिलं. जुलै १९४२ मध्ये पॅरिस परिसरात सुमारे १३,००० ज्यूंची धरपकड झाली, ती फ्रेंच पोलिसांनी केली. एका फ्रेंच राष्ट्राध्यक्षाने ही फ्रान्सची जबाबदारी उघडपणे मान्य करायला १९९५ साल उजाडलं. अल्जीरियावर १८३० ते १९६२ राज्य करणारी ही सत्ता, एका टोमण्याने तिचं काही बिघडत नाही. शिवाय फ्रेंच स्वतः बेल्जियमच्या लोकांना मठ्ठ ठरवून विनोद सांगतात. तिथे त्यांना कुणी अडवत नाही.

रानजाई

चिकित्सक, व्हिशीवर हवी तेवढी टीका करा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण त्या विनोदात पेतँ कुठे आहेत? धरपकड करणारे पोलीस कुठे आहेत? त्यात बंदूक टाकणारा साधा सैनिक आहे. ज्यांनी तह केला ते सुटले आणि जो लढून मेला त्याच्यावर आपण हसतोय.

लिऑंकर

मी नोकरीनिमित्त फ्रान्समधल्या लिऑं शहरात राहतो. रानजाईताई, तुम्ही बाकीचे विनोद निरुपद्रवी म्हणून सोडून दिलेत, ते मला पटलेलं नाही. रोजच्या जगण्यात त्रास त्यांचाच होतो.

तुसड्या वेटरचंच घ्या. इथे दुकानात, बेकरीत, बसमध्ये शिरताना आधी ‘बाँजूर’ (नमस्कार) म्हणायचं असतं. ते न म्हणता थेट “अमुक कुठे मिळेल?” विचारलं, तर समोरच्याच्या लेखी तुम्ही त्याला माणूस न मानता हुकूम सोडलात. मग तोही तुटक बोलतो आणि पाहुणा मायदेशी जाऊन सांगतो, की फ्रेंच उद्धट असतात. वेटर पुन्हापुन्हा टेबलाशी येत नाही, कारण जेवणाऱ्याला घाई करणं इथे वाईट समजतात. बिलही मागितल्याशिवाय आणत नाहीत. पगार टिपेवर अवलंबून नसल्याने त्याला खोटं हसावं लागत नाही, आणि मला ते आवडतं.

कांद्याच्या माळांचं चित्रही मुळात एका गावाचं आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या रोस्कॉफ बंदराचे शेतकरी १८२८ पासून आपले गुलाबी कांदे विकायला समुद्र ओलांडून इंग्लंडला जायचे, पुढे सायकलवर माळा लटकवून दारोदार फिरायचे. कित्येक इंग्रजांनी प्रत्यक्ष पाहिलेला फ्रेंच माणूस तेवढाच. त्यावरून अख्खा देश ठरला.

पणजीकर

बेडकांवरून फ्रेंचांना हसणाऱ्यांनी आधी गोव्यात येऊन बघावं. पहिला पाऊस पडला की रात्री बत्ती घेऊन शेतांत बेडूक धरायला लोक निघतात. हॉटेलांत त्याला ‘जंपिंग चिकन’ म्हणायचे. वन्यजीव कायद्याने बंदी आहे, वनखातं गस्त घालतं, तरी धरतात.

फ्रान्सने स्वतःच्या देशातले रानातले बेडूक विक्रीसाठी पकडणं १९८० मध्येच बंद केलं. तिथे खातात ते बहुतेक गोठवून आयात केलेले, मुख्यतः इंडोनेशियातून. त्याआधी मोठा पुरवठादार भारतच होता. शेतांतले बेडूक संपत चालले, कीड वाढायची भीती दिसू लागली, तेव्हा १९८७ मध्ये आपण निर्यात बंद केली. फ्रेंचांच्या ताटात आपलेच बेडूक होते. चर्चा करायची तर या व्यापाराची करा.

चिकित्सक

लिऑंकर, ‘बाँजूर’चं मान्य. पण संपाचं काय? मार्च २०२३ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर हजारो टन कचरा पडून होता. कारण निवृत्तीचं वय ६२ चं ६४ होणार होतं. जग याला आळस म्हणतं, त्यात जगाची चूक दिसत नाही.

लिऑंकर

मला दिसते. संप म्हणजे पगार कापून घेऊन केलेली भांडणं. आळशी माणूस ती करत नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात लाखो कामगारांनी कारखाने अडवून धरले, तेव्हा दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात आली. आज ती पाच आठवडे आहे. तासाभरात होणाऱ्या कामाच्या मूल्यात फ्रान्स युरोपातल्या पुढच्या देशांत बसतो. त्या कचऱ्याचा वास मलाही सोसवत नाही, पण गाडीमागे पहाटे धावणाऱ्याला आणखी दोन वर्षं धावायला सांगितलं तर त्याने गप्प बसावं, असं मी म्हणणार नाही.

इतिहासवेडा

मराठी माणसाने तरी फ्रेंचांच्या युद्धविद्येला हसू नये. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी इब्राहिमखान गारदीचं कवायती पायदळ लढलं, ते फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या पद्धतीचं होतं. पुढे महादजी शिंद्यांचे कंपू, म्हणजे कवायती पलटणी, द बॉइन्य या युरोपियन सेनानीने उभे केले आणि त्याच्यानंतर पेराँ या फ्रेंचाने सांभाळले.

चिकित्सक

आणि १८०३ मध्ये इंग्रजांशी ऐन युद्धात तोच पेराँ दौलतराव शिंद्यांना सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. हे पण लिहा.

इतिहासवेडा

लिहितो. पेराँने दगा दिला, आपली मालमत्ता वाचवण्यासाठी दिला, आणि त्याबद्दल त्याला माफी नाही. पण त्याने वाढवलेल्या पलटणी १ नोव्हेंबर १८०३ ला लासवारीच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध युरोपियन सरदार जवळजवळ कुणीच नसताना लढल्या. तोफांपाशी उभे राहून मेल्या, जागा सोडली नाही. त्यांच्या शौर्याची कबुली खुद्द इंग्रज सेनापती लेकने दिली आहे. पेराँच्या पळण्यावरून त्या शिपायांना कुणी पळपुटे म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? रानजाई व्हर्डनच्या सैनिकासाठी एवढंच मागतेय.