यादीत चढतो तो सापडलेला बिघाड

एमईएल म्हणजे कोणते बिघाड असतानाही विमान उडू शकतं, त्याची यादी. 'एमईएलमध्ये बसणारा बिघाड असेल तर विमान वेळेवर सोडायला हरकत काय?' असं विचारलं जातं. हरकत नाहीच. यादीतल्या बिघाडांचे गट असतात: बी गटाला 3 दिवस, सीला 10, डीला 120. तेवढ्यात दुरुस्ती झाली पाहिजे. पण त्या यादीत सापडलेलाच बिघाड चढतो. घाईत नजरेतून सुटला त्याचं काय?

आणि घाई का होते? उशीर झाला की त्याला कारणाचा कोड लागतो, 41 म्हणजे विमानातला बिघाड, आणि सकाळी जाब मेंटेनन्सलाच विचारतात. (सामान उशिरा चढलं की कोड दुसऱ्याच्या नावावर, ते सुटले!)

नजरेतून सुटलेल्या बिघाडाचं उदाहरण म्हणून 10 जून 1990 ची ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट 5390 घ्या. उड्डाणाच्या 27 तास आधी, माणसं कमी असलेल्या रात्रपाळीत, मेंटेनन्सच्या शिफ्ट मॅनेजरने स्वतःच कॉकपिटची पुढची काच बदलली. सुट्या भागांचा कॅटलॉग न बघता नवे बोल्ट जुन्याशी नजरेनेच जुळवले. 90 पैकी 84 व्यासाला कमी. सुमारे 17,300 फुटांवर काच उडाली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. तो शिफ्ट मॅनेजर कामचुकार नव्हता, उलट हातातलं काम उरकणारा होता. आणि गंमत म्हणजे काढलेले जुने बोल्टही बहुतेक चुकीच्याच मापाचे होते, आखूड.